घाटात लागणारा दिवा

माझा राग लवकर उतरत नाही असं सासरी सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. काही राग तर मी मुद्दाम उतरू दिलेले नाहीत. हा त्यातला एक.

गोष्ट दोन हजार सालानंतरची आहे. मोबाइल सगळ्यांच्या खिशात आले होते आणि डिझेलच्या गाड्यांत नुकताच संगणक शिरला होता. आम्ही पंचवटीत राहायचो. सासरचा भाजीचा गाळा होता. तो माझे थोरले दीर चालवायचे आणि माझा नवरा त्यांच्या हाताखाली राबायचा. मी मात्र रोज सकाळी कंपनीच्या बसने विंचूरला जायचे. आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा कोर्स केला होता, त्याच्या जोरावर तिथल्या वाइनच्या कारखान्यात लागले होते. टाकीत रस किती आहे, किती गरम आहे, हे सांगणारी मीटरं नीट ठेवणं हे माझं काम. थोरले दीर पाहुण्यांना सांगताना 'द्राक्षरसाच्या कंपनीत' असं सांगायचे. वाइन हा शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडला नाही. त्यांच्याविषयी लिहितानाही मला आदरार्थीच लिहावं लागतंय, हाही एक रागच आहे.

गाळ्याच्या पिकअपवर एक ड्रायव्हर होता, सुरगाण्याकडचा. पहाटे निघून वणीच्या पुढचा घाट चढून तिकडच्या गावांतून भाजी भरायची आणि परत यायचं, हे त्याचं रोजचं काम. माणूस काही फार हुशार नव्हता. बोलायला लागला की थांबत नसे, गाडी इतकी सावकाश चालवायचा की माझ्या नवऱ्याला झोप लागायची, आणि वाटेतल्या प्रत्येक चहावाल्याशी त्याची सोयरीक असल्यासारखी गाडी तिथे थांबायची. पण खोटं बोलायचं त्याला सुचत नसे. उशीर झाला तर 'चहा पीत बसलो' असं सरळ सांगायचा.

त्याच्या गावातली निम्मी घरं भात आणि नागली घरात आली की जगायला जातात. 'जगायला जाणं' हा तिकडचा शब्द आहे. बिऱ्हाड पाठीवर घेऊन निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला जायचं आणि उन्हाळा संपता संपता परत यायचं. ही नोकरी लागल्यापासून त्याच्या घराला कुलूप लागलं नव्हतं. बायको, मुलगी, म्हातारी आई, सगळे गावातच राहत. हे तो आम्हाला इतक्या वेळा सांगायचा की सासूबाई त्याला म्हणायच्या, 'आता पुरे रे, आम्हाला पाठ झालं.' नोकरी म्हणजे त्याच्या दृष्टीने तेवढंच होतं: घर उघडं राहणं.

त्या वर्षी थोरल्या दिरांनी नवी गाडी घेतली. जुनी हातोड्यावर चालायची, ही संगणकावर. आणि दसरा झाल्यावर काही दिवसांतच तिच्यात एक दिवा लागायला लागला.

हा दिवा कशाचा ते सांगते. इंजिन तापू नये म्हणून त्यात हिरवं पाणी फिरतं, त्याला कूलंट म्हणतात. बॉनेटखाली त्याची एक प्लॅस्टिकची टाकी असते. टाकीच्या आत एक छोटा तरंगता तुकडा असतो. पाणी आहे तोवर तो वर असतो, पाणी उतरलं की तोही खाली बसतो आणि चालकासमोर तांबडा दिवा लागतो. या नव्या गाडीत त्यापुढची गंमत होती. दिवा लागला की संगणक इंजिनाची ताकदच कमी करून टाकायचा. इंजिन वाचावं म्हणून. त्यामुळे घाट चढताना गाडी मधेच गळपटायची.

ड्रायव्हर थांबायचा, बॉनेट उघडायचा, बघायचा तर टाकी खुणेपर्यंत भरलेली. थोडा वेळ थांबून पुन्हा चालू केली की कधी दिवा जायचा, कधी जायचा नाही. भाजी उशिरा पोचायची, भाव पडलेला असायचा, थोरले दीर गाळ्यावर सगळ्या हमालांसमोर त्याला झापायचे. तो एकच उत्तर द्यायचा. टाकी भरलेली होती, दिवा आपोआप लागला.

गाडी कंपनीच्या वर्कशॉपला नेली. तिथे काच लावलेल्या खोलीत टाय घातलेला एक जण बसायचा. त्याने स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या संगणकाशी बोलायचं यंत्र. त्यावर कोड आला: कूलंटची पातळी कमी. त्याने बॉनेट उघडून पाहिलं, टाकी भरलेली. मग त्याने कोड पुसला, गाडी धुतली आणि परत दिली. पुन्हा घाट, पुन्हा दिवा, पुन्हा वर्कशॉप, पुन्हा तोच कोड, पुन्हा धुलाई. गाडी इतकी चकचकीत कधीच नव्हती.

तिसऱ्या खेपेला टायवाल्याने थोरल्या दिरांना बाजूला घेऊन आपलं निदान सांगितलं. पाणी कमी होतंच, त्याशिवाय कोड येत नाही. तुमचा ड्रायव्हर टाकीकडे बघत नाही, दिवा लागला की वाटेत ओढ्याचं पाणी भरतो आणि आमच्याकडे येईपर्यंत टाकी भरलेली दिसते. कोड खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. हे शेवटचं वाक्य थोरल्या दिरांना इतकं आवडलं की घरी जेवताना त्यांनी ते दोनदा म्हणून दाखवलं.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी म्हटलं, कोड पाण्याविषयी काहीच सांगत नाही, कोड फक्त एवढंच सांगतो की सेन्सरला पाणी कमी वाटलं. सेन्सरला वाटणं आणि पाणी कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या कारखान्यात नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. आमच्या एका टाकीच्या सेन्सरला द्राक्षाचं साल चिकटलं होतं आणि रिकामी टाकी मीटरवर भरलेली दिसत होती. पंप कोरडा फिरून जळाला. तेव्हापासून आमच्याकडे मीटर काहीही म्हणो, आधी झाकण उघडून डोळ्यांनी बघायचं असा नियम झाला.

थोरले दीर शांतपणे म्हणाले, 'ते तुमच्या रसाच्या टाकीचं झालं. ही गाडी आहे.'

नवरा खाली मान घालून आमटी कालवत होता. मला त्या आमटीचाही राग आला.

दिवाळीच्या तोंडावर ड्रायव्हरला काढून टाकलं. गाळ्यावर, भर गर्दीच्या वेळी. मी तिथे नव्हते, नवऱ्याने नंतर सांगितलं. थोरले दीर म्हणाले की चूक केली असतीस तर पोटात घातली असती, पण तू खोटं बोललास. तो म्हणाला, शेठ, घाटात माझ्यासंगं एक डाव या, तुमच्या डोळ्यांनी बघा. एवढंच मागत होता. एक फेरी. थोरल्या दिरांनी त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. हमालांपैकी कोणीतरी हसलं म्हणे. त्यातल्या दोघांचं गाव त्याच्याच बाजूला होतं, म्हणजे ती बातमी त्याच्याआधीच घरी पोचली असणार.

आता गाडी माझा नवरा चालवायला लागला. आणि पहिल्याच आठवड्यात घाटात दिवा लागला. नवरा माझ्याजवळ हळूच म्हणाला, टाकी भरलेली होती गं. मी विचारलं, मग हे तुमच्या भावाला सांगितलंत का? तर म्हणे, दिवाळी होऊ दे. आमच्याकडे सगळं दिवाळी होऊ दे, नाहीतर संक्रांत होऊ दे. तिकडे एका माणसाचं घर बंद झालं होतं आणि इकडे हे फराळाचे डबे वाटत होते.

मला सुट्टी मिळाली त्या दिवशी मी गाडीत नवऱ्याशेजारी जाऊन बसले. त्याने माझा चेहरा बघितला आणि गाडी सुरू केली. वणी ओलांडली, चढ लागला, दोन वळणं झाली आणि तांबडा दिवा. इंजिनाने मान टाकली. नवरा पाण्याची बाटली घेऊन उतरायला लागला. मी म्हटलं, एक थेंब घालायचा नाही.

इंजिन निवू दिलं. बॉनेट उघडलं. टाकी खुणेपर्यंत भरलेली आणि दिवा तसाच. मी सेन्सरची वायर काढली, दिवा गेला. परत लावली, दिवा आला. म्हणजे वायर ठीक होती, संगणकही ठीक होता, सेन्सरच 'पाणी नाही' म्हणत होता. मग मी पान्ह्याच्या मुठीने टाकीला बाहेरून हलके दोन ठोके दिले. दिवा विझला. आत तरंगता तुकडा कुठेतरी अडकत होता, दुसरं काही नाही. चढावर पाणी टाकीच्या मागच्या बाजूला जातं, तुकडा खाली बसतो, आणि वर यायला बघतो तेव्हा त्याला काहीतरी धरून ठेवतं. घाट उतरताना खड्ड्यांतून गाडी आदळली की तो सुटतो. वर्कशॉपच्या गुळगुळीत फरशीवर तो कधीच अडकला नसता. त्या टायवाल्याने एकदा जरी गाडी चढावर नेली असती, एकदा जरी टाकी उतरवली असती! पण स्कॅनर हातात आल्यापासून त्या लोकांचे हात काळे व्हायचे बंद झाले होते.

घरी येऊन मी अंगणात टाकी खोलली. सासूबाई, जाऊबाई, थोरले दीर, सगळे बघायला जमले. सून पान्हे घेऊन बसली आहे हा आमच्या गल्लीत तमाशाच होता. टाकी पत्र्याच्या परातीत उलटी केली. हिरवं पाणी पडलं, आणि पाण्याबरोबर एक काळी पडलेली काडी आली. बारीक, दोन्ही बाजूंना खरबरीत दाणे असलेली. मी ती बोटांत धरून उजेडात पाहिली.

सासूबाईंनी ती माझ्याआधी ओळखली. 'अगं बाई, मंजिरी,' त्या म्हणाल्या. तुळशीची मंजिरी.

कूलंटच्या टाकीत तुळस कशी आली हे मला कळेना, पण बाकी सगळ्यांना लगेच कळलं. सगळे थोरल्या दिरांकडे बघायचं टाळायला लागले. दसऱ्याला मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते तेव्हा बाहेर गाडीची पूजा झाली होती. दर वर्षी होते तशीच: हळदकुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. पण गाडी नवी म्हणून थोरल्या दिरांनी सकाळी गंगेवर जाऊन तांब्या भरून आणला होता. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. देवापुढे तो तांब्या ठेवून, तुळस घालून त्याचं तीर्थ झालं आणि सगळ्यांनी तळहातावर घेऊन प्यायलं. उरलेलं तीर्थ थोरल्या दिरांनी स्वतःच्या हाताने टाकीत ओतलं. माणसाच्या पोटात जातं तर गाडीच्याही पोटात जाऊ दे, असं म्हणाले होते म्हणे. आणि टाकीचं झाकण कोणी धरलं होतं? त्या ड्रायव्हरने. उघडं डोकं बरं दिसत नाही म्हणून रुमाल बांधून, दुसरा हात छातीशी धरून, भक्तिभावाने.

मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस काही बोलेल. चुकलं म्हणेल. निदान खाली बघेल.

थोरल्या दिरांनी माझ्या हातातून ती काडी घेतली, कपाळाला लावली आणि तुळशीवृंदावनात ठेवली. मग म्हणाले की तीर्थाने कधी कोणाचं वाईट होत नसतं, सेन्सरच हलक्या प्रतीचा असणार. आणि आत जाता जाता नवऱ्याला म्हणाले, 'त्याला निरोप धाड. म्हणावं, माफ केलं, ये कामावर.'

माफ केलं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर आवाज चढवला. कशाबद्दल माफ केलं, असं विचारलं. तुम्ही ओतलंत, तुम्ही त्याला खोटा म्हणालात आणि माफीही तुम्हीच देताय? जाऊबाईंनी मला आत ओढलं. सासूबाई म्हणाल्या, पुरे आता, देवाचं नाव कशाला मधे. घरातल्या कोणालाही त्या माणसाची आठवण नव्हती. सगळ्यांना काळजी होती ती तीर्थाची.

निरोप धाडायला तो गावात नव्हताच. नवऱ्याने हमालांकडे चौकशी केली तेव्हा कळलं की बिऱ्हाड घेऊन तो जगायला गेलाय, निफाडच्या अलीकडे एका बागेत. म्हणजे माझ्या रोजच्या वाटेवर. मी दुसऱ्याच दिवशी बसमधून मधेच उतरले आणि विचारत विचारत ती बाग गाठली.

डिपिंगचे दिवस होते. मगात औषध घेऊन एकेक घड त्यात बुडवायचा, असं ते काम. तो हात वर करून एका ओळीत उभा होता, शेजारच्या ओळीत त्याची बायको. मुलगीही होती, शाळेच्या निळ्या स्कर्टवरच. मला बघून तो ओशाळला. गाडीचं काही सामान हरवलं म्हणून मी आले, असं त्याला वाटलं असावं.

मी सगळं सांगितलं. मंजिरीचं, घाटाचं, दिव्याचं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि माझ्याकडे न बघता बायकोकडे बघितलं.

'ऐकलास?' एवढंच म्हणाला.

तिने औषधाचा मग खाली ठेवला. मला म्हणाली, 'मी पन नाय मानला त्याचा, वहिनी. कंपनीचा मानूस सांगं, शेठ सांगं, मंग मी काय मानू?' गावातही कोणी मानलं नव्हतं. त्याच्या आईने तर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं आणि ती गावातच शेजाऱ्यांकडे राहिली होती. चहा पीत बसला असेल आणि गाडी जाळली असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, कारण चहाची सवय सगळ्यांना माहीत होती.

मी त्याला म्हटलं, कामावर ये. तो म्हणाला, येतो, पण आधी गावात सांगा. शेठनी सांगायला पाहिजे, चारचौघांत. त्याने पगाराचं काढलं नाही, बागेत गेलेल्या दिवसांचं काढलं नाही. एवढंच मागितलं.

मी घरी येऊन सांगितलं. थोरले दीर हसले. त्या हसण्याचं वर्णन मी करणार नाही. 'मी जाऊ? ड्रायव्हरच्या गावात? तुळशीची गोष्ट सांगायला?' असं म्हणाले आणि पेपर उघडला.

मग मी गेले. नवऱ्याला म्हटलं, गाडी काढा, आणि या वेळी त्याने कुठल्या सणाचं नाव घेतलं नाही. त्याच गाडीतून, तोच घाट चढून गेलो. ड्रायव्हरला आणि त्याच्या बायकोला आधी बागेत जाऊन घेतलं होतं. घाटात दिवा लागला नाही. तो केबिनमध्येच मागे बसला होता, पण पूर्ण चढभर पुढे वाकून, दिवा लागायचा त्या काळ्या काचेकडे बघत राहिला.

त्याच्या अंगणात माणसं जमली. जगायला न गेलेली: म्हातारी माणसं, एक-दोन दुकानदार, गाळ्यावरच्या एका हमालाचा भाऊ. त्याची आई शेजारच्या दारात बसली होती, आमच्याकडे पाठ करून. मी मास्तरणीसारखं समजावून सांगितलं. टाकी, तरंगता तुकडा, काडी. नवऱ्यानेही मान हलवून हो हो केलं. लोकांनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या तोंडावर काही हललं नाही. शिकलेली बाई आहे, ड्रायव्हरची दया आली असेल, काहीबाही सांगतेय, असं त्यांना वाटत होतं हे मला दिसत होतं.

एका म्हाताऱ्याने तंबाखू थुंकून विचारलं, 'मालक का नाय आला?'

ड्रायव्हर जमिनीकडे बघत होता. त्याच्या आईने पहिल्यांदा मान वळवली.

मी म्हटलं, 'त्यांना लाज वाटली.'

म्हाताऱ्याने थोडा विचार केला. 'लाजला म्हंजे आपला पोरगा खरा हाय,' तो म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्याची आई उठली आणि मुलाला पाणी आणायला आत गेली.

तो परत कामावर आला, पुढे पुष्कळ वर्षं होता, घर पुन्हा कधी बंद झालं नाही. पण त्या दिवशी मी तिथे जे बोलले ते खोटं होतं. थोरल्या दिरांना लाज वाटली नव्हती, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मी सांगितलेलं खरं कोणाच्या गळी उतरलं नाही, म्हणून दिरांच्या पदरी नसलेली लाज मला त्यांच्या पदरात घालावी लागली. गावाने ती लाज खरी मानली, आणि त्या गावात थोरल्या दिरांना आजही भला माणूस म्हणतात.